लोणच्याच्या बरणीतलं वादळ

ज्या वर्षी आमच्या नातीनं, नूपुरनं, जानेवारीत साखरपुड्याची अंगठी परत केली आणि मे महिन्यात त्याच मुलाशी लग्न केलं, त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चोवीस साली, मी घरात पृथ्वीचं चुंबक मोजायचं यंत्र बसवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मला मे महिना येईपर्यंत वाटलं नव्हतं.

यंत्र म्हणजे लोणच्याची काचेची बरणी. तिच्यात रेशमाच्या धाग्यानं टांगलेला बोटभर चुंबक, चुंबकाला चिकटवलेला टिकलीएवढा आरसा आणि आरशावर सोडलेला लाल उजेड. तो उजेड आरशावरून उलटून समोरच्या भिंतीवर ठिपका पाडतो. चुंबक केसभर हलला की भिंतीवरचा ठिपका बोटभर सरकतो. बस, एवढंच. एवढ्यासाठी आमच्या सोसायटीत दोन नोटिसा लागल्या, एक कमिटीची बैठक झाली, सहाव्या मजल्यावरच्या नवरा-बायकोत अबोला झाला आणि एकदा मी मेल्याची बातमी माझ्या मुलाच्या ऑफिसात पोचली.

माझं नाव बेबी. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही बेबीच. रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे आम्ही राहायचो, सहा भावंडांत मी थोरली. कडेवर कायम कोणीतरी असायचं, त्यामुळे शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले छप्पन्नाव्या वर्षी, भोईवाड्यातल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत, सहा वर्षांच्या मुलांच्या बाकावर बसून. गुडघे हनुवटीला लागायचे. आकडे मात्र मला आधीपासून येत होते. बाजारहाट करणाऱ्या बाईला आकडे शिकवावे लागत नाहीत.

माझे यजमान कमलाकांत. एकतीस वर्षं अलिबागच्या सरकारी वेधशाळेत नोकरी केली. तिथे पृथ्वीचं चुंबक मोजतात. हे काम पूर्वी कुलाब्याला चालायचं, पण मुंबईत विजेची ट्राम यायची ठरली तेव्हा सुयांना त्रास नको म्हणून सगळं अलिबागला नेलं. तिथली इमारत लोखंडाचा खिळा न वापरता बांधलेली आहे. आत जाताना किल्ल्या, पट्टा, सगळं बाहेर ठेवायचं. आमचे हे दारात उभे राहून लोकांच्या किल्ल्या काढून घ्यायचे आणि आत जाऊन आकडे लिहायचे. आठवडाभर तिकडे, रविवारी परळला घरी.

ते सांगायचे, सूर्यावरून कधी कधी काहीतरी सुटतं, एक-दोन दिवसांनी येऊन पृथ्वीवर आदळतं आणि जगातल्या सगळ्या सुया थरथरतात. याला चुंबकीय वादळ म्हणतात. वारा नाही, पाऊस नाही, झाडाचं पान हलत नाही. असलं वादळ नवऱ्यांना फार सोयीचं असतं हे कोणतीही बाई सांगेल.

मार्च एकोणनव्वदमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं, मीनाक्षीचं लग्न होतं. आईवडील गेलेले, तिला मीच वाढवलेली, कन्यादान आम्ही दोघांनी करायचं ठरलेलं. लग्न मंगळवारी सकाळी. हे सोमवारी संध्याकाळच्या लाँचनं येणार होते. आली ती तार. मला वाचता येत नव्हतं, म्हणून हॉलमध्ये मामांनी मोठ्यानं वाचली: वादळ आहे, साहेब सोडत नाहीत, कमलाकांत. तीनशे माणसांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर स्वच्छ ऊन होतं. कन्यादान मामा-मामींनी केलं. मी शालू नेसून बाजूला उभी राहिले, जशी खुर्च्या मोजायला आलेली बाई उभी राहते.

तेव्हापासून आमच्या माहेरी कोणी उशिरा आलं, परीक्षेत नापास झालं किंवा उसना घेतलेला डबा परत करायला विसरलं, की म्हणतात, "वादळ होतं." पस्तीस वर्षं हे चाललंय. नवीन सुनांना अर्थ माहीत नाही, पण त्याही म्हणतात.

दोन हजार चोवीसचा मार्च आला तेव्हा हे खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्याला वर्ष होत आलं होतं. वय चौऱ्याऐंशी. एक दिवस सकाळी म्हणाले, "आज वादळ असणार. टाचा चावतायत."

मी म्हटलं, "टाचा चावतात तेल लावत नाही म्हणून. पस्तीस वर्षं वादळ वादळ ऐकतेय. एकदा दाखवा तरी."

"दाखवीन."

"कुठे, अलिबागला नेणार?"

"इथेच. लोणच्याची बरणी रिकामी कर."

आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी आमच्या पुष्करला पॅसेजमध्ये नेऊन सांगितलं होतं, की बाबांचं हृदय चार आण्यांवर चाललंय. मला ऐकू जाऊ नये म्हणून पॅसेजमध्ये नेलं होतं. डोळे गेलेत माझे थोडे, कान शाबूत आहेत. हा माणूस जाणार आणि तो खोटं बोलला होता की खरं, हे मला कधीच कळणार नाही, या विचारानं मला रात्रीचं जेवण गेलं नाही. म्हणून मी अट घातली. मे महिना संपायच्या आत वादळ दिसलं, तर मी मीनाक्षीला चारचौघांत सांगेन की भावजी खरं बोलले होते. नाही दिसलं, तर यांनी स्वतः तिला फोन करून सांगायचं की मी तुझ्या लग्नाला यायचं टाळलं.

"मंजूर," हे म्हणाले. "धागा रेशमाचा लागेल. पिळाचा नको."

घरात रेशीम एकच होतं. तोच शालू. मी पदराच्या कडेचा एक धागा ओढून काढला. यांनी तो ओळखला की नाही कोण जाणे.

चुंबक प्रिन्सेस स्ट्रीटजवळच्या शाळांचं सामान विकणाऱ्या दुकानातून पुष्करनं आणला. मांजरांना खेळवायचा लाल दिवा त्यानंच आणून चार्जरला जोडून दिला. समोरच्या भिंतीवर मी शिंप्याची टेप चिकटवली. हे पडल्या पडल्या म्हणाले, "टेपच्या टोकाला पत्रा असतो. काप." मी कापला. निवृत्तीनंतरच्या पंचवीस वर्षांत घरातल्या कुठल्या कामात एवढं लक्ष घातलेलं मी पाहिलं नव्हतं.

चुंबक टांगला तसा तो सावकाश वळला आणि आमच्या लोखंडी कपाटाकडे तोंड करून थांबला.

"उत्तर तिकडे आहे?" मी विचारलं.

"कपाट तिकडे आहे," हे म्हणाले.

मग कपाट बाहेर पॅसेजमध्ये गेलं. समोरच्या दाराचे शामराव मदतीला आले. शामरावांना सल्ला देण्याची सवय आहे आणि तो चुकण्याचीही. ते म्हणाले, "वहिनी, बरणीत थोडं मीठ टाका. मीठ ओल शोषतं." मी मीठ टाकलं. हे म्हणाले, "काढ." मी काढलं. त्यात एक दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली. आमचे सेक्रेटरी हितेंद्र कर्णिक मंत्रालयात छत्तीस वर्षं होते. घरी चहा हवा असला तरी तोंडी मागत नाहीत, असं शामराव सांगतात. नोटिशीत लिहिलं होतं की चौथ्या मजल्यावरील सामाईक मार्गिकेत खाजगी मालमत्ता आढळून आली आहे. मी शब्द शब्द जोडून सगळी वाचली. माझ्याबद्दल छापलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. थोडा आनंदही झाला, नाही असं नाही.

कपाट स्वयंपाकघरात गेलं. फ्रिजचं दार त्यामुळे अर्धंच उघडायचं. लिंबं निघायची, भोपळा निघायचा नाही.

आणि मग वादळं सुरू झाली. दिवसाला पाच-पाच, सहा-सहा. दर तासाला मी खोलीत जायची, ठिपक्याजवळ वाकून आकडा बघायची, वहीत लिहायची. पाहावं तेव्हा ठिपका सरकलेला. मी येताना डावीकडे, जाताना उजवीकडे. तीन आठवडे मी लिहीत होते. मनातून हरल्यासारखं वाटत होतं, कारण एवढी वादळं असतील तर एकोणनव्वद साली एक असायला काय हरकत होती.

यांनी वही शेवटपर्यंत चाळली. मग म्हणाले, "बेबी, जरा इकडे ये. आता तिकडे जा. आता इकडे ये."

मी गेले, आले. ठिपकाही गेला, आला.

"हातात काय आहे?"

हातात बांगड्या होत्या. आणि बांगडीत सेफ्टी पिनांचा घोस. आमच्या पिढीच्या बायकांना वेगळं सांगायला नको. कोणाचा पदर सुटला, कोणाची चोळी उसवली, प्रवासात पिशवी फाटली, तर बाईच्या बांगडीत चार पिना असायलाच हव्यात. माझ्या अकरा होत्या. शिवाय पदराला दोन आणि निऱ्यांना एक. तीन आठवडे मी स्वतःच्या पिनांची वादळं वहीत लिहीत होते.

हे हसले. वर्षभरात पहिल्यांदा. हसता हसता खोकले आणि खोकता खोकता म्हणाले, "तिथे त्या खोलीत कधी बायका नव्हत्या. माझ्या डोक्यातच आलं नाही."

पिना देवघरात ठेवल्या. पिनेशिवाय साडी म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं. मी आठ दिवस एका हातानं पदर धरून दुसऱ्या हातानं विज्ञान केलं.

पिना गेल्या तरी ठिपका मधूनच झटका खायचा. भिंतीपलीकडे लिफ्ट आहे. लिफ्ट गेली की दोन बोटं डावीकडे, परत आली की दोन बोटं उजवीकडे. यांनी सांगितलं, लिफ्टची वेळ लिहून ठेव, म्हणजे ती वजा करता येईल. म्हणून प्रत्येक वेळी मी दार उघडून बघायची कोण आलं, कोण गेलं, आणि आकड्यापुढे लिहायची. मला मुळात लिहायचं व्यसन उशिरा लागलं आहे, त्यामुळे जरा जास्तच लिहिते.

सहाव्या मजल्यावर गौतम आणि प्रिती राहतात. गौतमला डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलं आहे. एक दिवस प्रिती आमच्याकडे कोथिंबीर मागायला आली आणि वही उघडी होती.

"आजी, हे काय लिहिलंय? 'गौतम. लिफ्ट. पाचव्यावर उतरला.'"

"ते वजा करायला लिहिते गं."

"रोज?"

"रोज सात पन्नासला. फिरून आला की."

प्रिती म्हणाली, "रोज दारात उभा राहून धापा टाकतो तो. मी लिंबूपाणी देते."

ती कोथिंबीर न घेताच गेली. त्या दिवसापासून वर दोघांचा अबोला, आणि गौतम माझ्याशीही बोलत नाही. प्रिती मात्र माझ्यावर फार खूश झाली, आणि खरं संकट तिथून आलं.

हितेंद्ररावांच्या कानावर गेलं की चौथ्या मजल्यावरची म्हातारी लोकांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवते. ते स्वतः आले. वहीत त्यांचंही नाव होतं, कचऱ्याचा डबा घेऊन ते भलत्याच मजल्यावर उतरतात असं. ते वाचून त्यांनी वही बंद केली आणि म्हणाले, "काकू, हे गच्चीवर नाही का करता येणार?"

गच्ची लिफ्टपासून लांब होती. एप्रिलचे दिवस, वर बायकांच्या लोणच्याच्या, मोरांब्याच्या बरण्या उन्हात ठेवलेल्या होत्याच. त्यात आणखी एक बरणी. परवानगीचा प्रश्नच आला नाही. मी बरणीच्या तोंडाला रीतसर फडक्याचा दादरा बांधला, फ्रिजची दोन मोठी खोकी जोडून आत अंधार केला, एका टोकाला बरणी, दुसऱ्या टोकाला टेप. आकडा बघायला खोक्याच्या कडेला पालथं पडून आत डोकं घालावं लागे.

पहिल्याच दिवशी शामराव कपडे वाळत घालायला आले. मला पालथी पडलेली बघून ते खाली धावले आणि पुष्करच्या ऑफिसात फोन केला, की वहिनी गेल्या. पुष्कर टॅक्सीनं आला. गच्चीवर येऊन त्यानं मला विचारलं, "आई, तू काय करतेस?"

मी आतून म्हटलं, "बहात्तर पूर्णांक चार."

तो बराच वेळ पाण्याच्या टाकीला टेकून बसला. मग म्हणाला, "मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. कारण काय लिहू?"

मला उत्तर सुचलं होतं, पण आई म्हणून ते दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी प्रिती वर गेली. तिला वाटलं, आजींना आजोबांच्या आजारपणात वर यायला होत नसेल, आपण त्यांचं लोणचं ढवळून ठेवावं. तिनं खोकं उचललं, दादरा सोडला आणि स्टीलची पळी आत घातली. धागा तुटला. पळीवर आला चुंबक, चुंबकाला आरसा, आरशाला रेशमी धागा, आणि तिच्या पदरावर कुठूनतरी लाल ठिपका.

ती ओरडली नाही म्हणते. पण तळमजल्यापर्यंत ऐकू आलं.

संध्याकाळपर्यंत बोर्डावर दुसरी नोटीस लागली: गच्चीवर जादूटोण्याचे साहित्य आढळल्याबाबत. मला कमिटीपुढे बोलावलं. बैठक हितेंद्ररावांच्याच हॉलमध्ये. सात माणसं आणि मधे टीपॉयवर माझी बरणी.

हितेंद्रराव म्हणाले, "काकू, ही वस्तू नक्की कोणत्या सदरात बसते?"

"सदर म्हणजे?"

"विद्युत उपकरण, खाद्यपदार्थ की धार्मिक साहित्य?"

"बरणी आहे."

"बरणी हे सदर नाही."

गौतम कोपऱ्यातून म्हणाला, "सीसीटीव्ही म्हणून लिहा."

मी सांगायचा प्रयत्न केला. सूर्य, पृथ्वी, सुया. सातही जण ऐकत होते, पण तोंडावर तो भाव होता जो मी रोज वर्गात बाईंच्या तोंडावर बघायची, मी 'ज्ञ' उलटा काढल्यावर. शेवटी हितेंद्ररावांनी विचारलं, "यात सोसायटीला काय फायदा?"

"काही नाही. एका माणसानं एकदा खरं सांगितलं होतं की नाही, ते बघायचंय."

हितेंद्ररावांनी पेन उघडलं. मग त्यांनी ठराव लिहिला की गच्चीवर फक्त खाद्यपदार्थ वाळवण्यास मुभा राहील, आणि सभासदानं स्वतःच्या घरात काय करावं यात सोसायटी पडणार नाही. निघताना हितेंद्ररावांनी बरणी स्वतः उचलून माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "कचऱ्याचं ते पान काढलंत ना?"

आता घरातली एकच जागा उरली, यांच्या खोलीचा लांबचा कोपरा. आणि तिथे यांचा पलंग. डोकं वरखाली होणारा, दवाखान्यातला असतो तसा, अख्खा लोखंडी.

"पलंग काढ," हे म्हणाले.

पुष्कर म्हणाला, "बाबा, वेड लागलंय का? डॉक्टरांनी सांगितलंय तो."

"एकतीस वर्षं लोकांच्या किल्ल्या काढून घेतल्या मी. मोठमोठे साहेब लोक पट्टे सोडून, विजार धरून आत यायचे. आता मी स्वतः लोखंडावर लोळत आकडे घेऊ?"

मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. त्या पलंगावर त्यांना श्वास बरा लागायचा, ते मला ठाऊक होतं. पण मे महिना चार दिवसांवर आला होता, आणि मलाही कळून घ्यायचं होतं. हे मी इथे लिहून ठेवते.

मीनाक्षीकडे वडाळ्याला जुना सागवानी दिवाण होता. मी फोन केला. ती म्हणाली, "कशाला गं हवाय?"

"यांची पाठ दुखते."

"पाठच ना? नाहीतर म्हणशील वादळ आहे."

दिवाण आला. पाठीला उशा रचून यांना जवळजवळ बसतंच ठेवलं. शालूचा दुसरा धागा काढला. तीन दिवस चुंबक डोलत राहिला आणि चौथ्या दिवशी ठिपका पहिल्यांदा स्थिर झाला. तेव्हा मला एक दिसलं. लिफ्टचे झटके सोडले, तर ठिपका सकाळी हळूहळू एका बाजूला जायचा, करंगळीच्या नखाएवढा, आणि दुपार उलटली की सावकाश जागेवर यायचा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सूर्य," हे म्हणाले. "रोजची फेरी आहे त्याची. वादळ नाही."

खिडकीला जाड पडदा होता. खोलीत ऊन येत नव्हतं. आणि लोणच्याच्या बरणीतल्या चुंबकाला सूर्य कुठे आहे ते माहीत होतं. मी त्या दिवशी कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिसरी नोटीस लागली असती.

नूपुरचं लग्न अकरा मेला, शनिवारी. त्या मे महिन्यात पंचांगात लग्नाचा मुहूर्त नव्हता, म्हणून दादरला हॉल मिळाला. नूपुर म्हणाली, "आजी, मुहूर्त असतो तेव्हा हॉल नसतो. हॉल मिळाला तोच मुहूर्त." दहा वाजता मंगलाष्टका. अंतरपाटाच्या वेळी माझ्या मागे तूच उभी राहा, असं तिनं मला मुद्दाम सांगितलं होतं. आदल्या दिवसापासून लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद, त्यामुळे यांना नेता येणार नव्हतं. शामराव त्यांच्यापाशी बसणार होते. साडेआठला मला न्यायला टॅक्सी सांगितलेली.

आठला मी पैठणी नेसून, पिना लावून, गजरा घालून तयार होते. म्हटलं आठचा आकडा लिहावा आणि निघावं. खोलीत गेले तर ठिपका रोजच्या चौऱ्याहत्तरवर नव्हता. सत्तरच्या आसपास गेला होता आणि उभा नव्हता, चालत होता.

"पिना," हे म्हणाले. ते आधीच बघत होते.

मी पिना काढल्या. लग्नाच्या साडीच्या नऊ पिना आणि अंबाड्याचे सहा आकडे. शामरावांना म्हटलं, हे घेऊन दोन मजले खाली जाऊन उभे राहा. ते गेले. ठिपका हलला, पण परत आला नाही. सत्तर पूर्णांक पाच.

"लिफ्ट?"

मी दार उघडून पाहिलं. लिफ्टला पाटी होती आणि गौतम जिन्यानं वर येत होता, खरोखरीची धाप टाकत. लिफ्ट बंद. कपाट स्वयंपाकघरात. पलंग पुष्करच्या मित्राकडे.

मी खुर्चीत बसले. लिहिलं, ८.१०, ७०.५. पुन्हा वर बघेपर्यंत ठिपका आणखी सरकला होता. लिहिलं. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. पुष्करचा फोन आला, मी म्हटलं निघतेय. नऊ वाजता टॅक्सीवाला चार मजले चढून आला. मी त्याला उंबऱ्यावरूनच म्हटलं, "भाऊ, किल्ली घेऊन आत येऊ नका." जिन्यातून शामरावांचा आवाज आला, "वहिनी, या पिना किती वेळ धरू?"

हे म्हणाले, "तू जा. मी बघतो."

"तुम्हाला इतक्या लांबून आकडा दिसतो का?"

"नाही दिसत."

"मग? एवढा एक लिहिते आणि उठते."

त्यांनी मान उशीला टेकली. बऱ्याच वेळानं मी टेपवरची नजर न काढता विचारलं, "त्या वेळी साहेबांनी खरंच सोडलं नव्हतं तुम्हाला?"

"साहेब म्हणाले होते, घरचं कार्य आहे, कमलाकांत, तू नीघ. आकडे मी घेतो."

"मग?"

"मग काय. असं वादळ पुन्हा दिसणार नव्हतं. म्हटलं, एवढा एक लिहू आणि उठू. संध्याकाळ झाली. मग सकाळ झाली. तार मीच केली."

पस्तीस वर्षं मी दोन गोष्टींपैकी कोणती खरी ते शोधत होते, आणि दोन्ही खऱ्या निघाल्या. वादळ होतं आणि हे आले नव्हते. रागवावं असं मनात आलं. पण तेवढ्यात ठिपका मागे फिरला, आणि मी म्हटलं, एवढं लिहून घेते आणि रागावते.

लिहून झालं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

हॉलवर पोचले तेव्हा पंगत बसली होती. पिना शामरावांच्याच मुठीत राहिल्या होत्या, साडी दोन्ही हातांनी धरलेली, केस सुटलेले. नूपुर हार घालून जेवत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बाजूची खुर्ची ओढली. तिच्या मागे अंतरपाटाच्या वेळी मीनाक्षी उभी राहिली होती. मीनाक्षी माझ्यासमोर येऊन थांबली. माहेरचे सगळे तिच्या मागे.

"काय गं ताई," ती म्हणाली. "वादळ होतं?"

सगळे हसले. हसू ओसरेपर्यंत मी थांबले आणि म्हटलं, "होतं." पदराखालून वही काढून तिच्या हातात दिली. तिनं चष्मा लावला. ताटावर बसलेली माणसं हात थांबवून बघत होती. ती एक एक ओळ बोट ठेवून वाचत गेली, जसं मी तिला लहानपणी शाळेतून आल्यावर वाचून दाखवायला सांगायची. माझ्या नातवंडांपैकी कोणीतरी मोबाइलवर बघून म्हणालं, खरंच आहे, जगभर होतं आज.

"म्हणजे भावजी खरं बोलले होते," मीनाक्षी म्हणाली.

"वादळ होतं हे खरं."

"आणि साहेबांनी सोडलं नाही, ते?"

"तेही खरं," मी म्हटलं. मीनाक्षी, तू हे वाचशील तेव्हा तुला कळेल की ते खरं नव्हतं. तू रागव. पण आधी आठव, त्या दिवशी नूपुरच्या मागे कोण उभं राहायचं होतं.

घरी येऊन मी यांना सांगितलं, मीनाक्षीला सगळ्यांसमोर सांगितलं. यांनी विचारलं, "शेवटचा आकडा किती होता?" मी सांगितला. मग त्यांनी विचारलं, "लग्न कसं झालं?"

मी म्हटलं, "मला काय विचारता."

पलंग मी त्याच आठवड्यात परत आणला. दिवाण मीनाक्षीनं परत नेला नाही. बरणी स्वयंपाकघरात कपाटाशेजारी जाऊन बसली, पण यांनी ती पुन्हा कोपऱ्यात मांडायला लावली, पलंगाचं लोखंड वजा करून वाचता येतं म्हणाले. आम्ही वजा करत राहिलो.

दहा ऑक्टोबरच्या रात्री दुसरं मोठं वादळ सुरू झालं आणि अकराच्या सकाळीही चालू होतं. सुतकात देवाला हात लावत नाहीत. बरणीला लावावा की नाही हे कोणी सांगितलेलं नाही, म्हणून मी पिना काढून ठेवल्या आणि दर तासाचा आकडा लिहिला. कमलाकांत त्याच्या तीन दिवस आधी गेले, सोमवारी, सात ऑक्टोबर दोन हजार चोवीस रोजी, सकाळी सव्वासहा वाजता.